भिवराबाईचा विस्तव

गॅसची पायलट पेटते, पण बटण सोडलं की विझते, अशी तक्रार आली की दहातल्या आठ वेळा थर्मोकपल गेलेलं असतं. उरलेल्या दोन वेळा घरातल्या कुणीतरी नको तो उद्योग करून ठेवलेला असतो. बीडच्या बसस्टँडमागं माझं गॅस दुरुस्तीचं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. हॉटेलांच्या भट्ट्या, मंगल कार्यालयांच्या शेगड्या, गिझर, जे येईल ते करतो. माणूस मी तापट आहे, असं माझी बायको सुनिता येईल त्याला सांगते. खोटं नाही. पण मी माणसांवर तापतो, मशीनवर नाही. मशीनला काय झालंय ते मशीन सरळ सांगते.

पौषात शिवशंकररावांचा पुण्याहून फोन आला. पालीला, बिंदुसरा धरणाच्या अंगाला त्यांचा बंगला आहे. वडील सुंदरराव एके काळी तालुक्याच्या राजकारणातलं मोठं नाव; त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता बंगल्यात आई एकट्याच राहतात, विमलकाकू. धरणावरून येणाऱ्या वाऱ्यानं त्यांचे गुडघे धरतात म्हणून मुलानं बैठकीच्या भिंतीत गॅसची शेकोटी बसवून दिली होती. परदेशी माल, पुढं काच, आत चिनी मातीची नकली लाकडं.

"मिस्त्री, पायलट टिकत नाही. तेवढी बघून या," ते म्हणाले.

पायलट म्हणजे करंगळीएवढी निळी ज्योत. ती कायम जळत राहते आणि तिच्यावरून मोठा बर्नर पेट घेतो. थर्मोकपलचं टोक तिच्या तोंडाशी असतं. टोक तापलं की त्यात बारीकशी वीज तयार होते; ती आहे तोवर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, टोक गार झालं की बंद. थर्मोकपल हा तिथला राखणदार. त्याला ऊब कळते, दुसरं काही कळत नाही.

पालीला जाऊन मी शेकोटीची काच उतरवली. पायलट पिवळी पडली होती, आखूड, एका अंगाला कललेली. टोकापर्यंत पोचतच नव्हती. नकली लाकडं उचलून बाहेर ठेवली तर बर्नरच्या भोकांवर काळा चिकट थर. नखानं खरवडून वास घेतला. तूप होतं, आणि बाजरीची भाकरी.

"काकू, हे काय टाकता ह्याच्यात?"

"पयला घास," काकू म्हणाल्या. "चुलीला दिल्याबिगर आपुन कसं जेवायचं?"

"ही चूल न्हाई, काकू. मशीन हाय."

"हितंच हुती चूल. जुन्या घरातला सैपाक ह्याच जागी व्हायचा. शिवानं घर पाडून बंगला बांधला, अन् चुलीच्या जागी ही मशीन घातली."

माझं डोकं तापलंच होतं, पण म्हातारीनं चहा पुढं ठेवला, मग काय बोलणार. चहा पिता पिता त्यांनी भिवराबाईचं सांगितलं. भिवराबाई त्या घरात छत्तीस वर्षं सैपाकाला होत्या. मागं पुढं कुणी नव्हतं, राहायच्याही तिथंच. त्यांनी चूल कधी विझू दिली नाही. जेवणं झाली की विस्तव एका जागी ओढायचा, त्यावर राख घालायची, सकाळी राख सारून त्याच विस्तवावर चहा. त्या घरात काडीपेटी फक्त देवापुढं लागायची, असं काकू म्हणाल्या. बंगला झाल्यावर भिवराबाई रोज पहिला घास ह्या मशीनला द्यायला लागल्या. दिवाळीत त्या गेल्या. तेव्हापासून घास काकू देत होत्या.

"राख घातली की वरून अस्सा पालथा हात दाबायची," काकू खाली वाकल्या आणि फरशीवर हात दाबून दाखवला. "म्हंजी विस्तव रातभर बसून ऱ्हातो. मला तिनंच शिकवलं."

काकूंच्या त्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरभर तुटलेलं होतं. लग्न होऊन आल्या त्या वर्षी कडबाकुट्टीत सापडलं, म्हणाल्या.

माझी आईसुद्धा केजच्या आमच्या घरात विस्तव असाच राखायची. विझलाच तर शेजारी गोवरी घेऊन मला पिटाळायची. ते मला तिथं बसल्या बसल्या आठवलं, आणि मी चहा संपवून कामाला लागलो. बर्नर धुतला, गॅस सुटायचा जेट पिनेनं साफ केला, थर्मोकपल नवं टाकलं, सांध्यांना साबणाचं पाणी लावून गळती बघितली. पायलट निळी, ताठ. थर्मोकपलला मीटर लावला, सत्तावीस मिलिव्होल्ट. ह्याहून चांगली पायलट नवीन मशीनलाही नसते.

"परत घास टाकला तर मी यायचो न्हाई, आधीच सांगतो," मी म्हणालो.

"बरं. न्हाई देत," काकू म्हणाल्या, आणि बराच वेळ त्या काचेकडं बघत बसल्या.

बारा दिवसांनी शिवशंकररावांचा परत फोन. आता तक्रार उलटी होती. काकू झोपताना पायलट बंद करत होत्या आणि सकाळी ती पेटलेली असायची. हे काकूंनीच त्यांना सांगितलं होतं.

"आई स्वतः पेटवते आणि विसरते, दुसरं काय असणार," ते म्हणाले. "एखाद्या दिवशी गॅस उघडा राहिला म्हणजे? तुम्ही मशीन नीट तपासा आणि मला लिहून द्या. मशीन ठीक असेल तर मी तिला पुण्याला आणतो आणि बंगला बंद करतो."

मी पालीला पोचलो तेव्हा काकू अंगणातच उभ्या होत्या.

"रामहरी, मला हितनं हलायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "सारा जलम हितं गेला. मी काय बी विसरत न्हाई. मशीनीत खोट हाय म्हून लिहून दे, म्हंजी शिवा गप बसल."

"खोट असली तर लिहीन, काकू."

"अन् नसली तर?"

मी नट खोलायला घेतले.

खोट नव्हती. व्हॉल्व्ह पक्का बसत होता. ते बटण दाबून, फिरवून, वर तीस सेकंद धरून ठेवावं लागतं. ते आपोआप होण्यातलं काम नाही, त्याला माणसाचा हात लागतो. म्हणजे शिवशंकररावांचंच खरं, असं मला वाटलं, आणि वाईटही वाटलं. तरी एक खात्री करायची ठरवली. बटण आणि पत्रा ह्यांच्यावरून सुनिताच्या नखपॉलिशची रेघ ओढली. बटण हललं तर रेघ तुटणार. घरामागं जाऊन शेकोटीचे दोन्ही सिलिंडर बंद केले, रेग्युलेटर काढले आणि पिशवीत घालून घरी नेले. आता कोण पेटवतंय ते बघू, म्हटलं.

सकाळी आठला पोचलो. धरणावर कोवळं ऊन होतं, पाणकोंबड्या ओरडत होत्या. काकूंनी दार उघडलं.

"पेटलीया," त्या म्हणाल्या.

मी तसाच बूट घालून आत गेलो. काचेतून बघितलं. ज्योत नव्हती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं आणि रागही आला.

"कुठं हाय, काकू?"

"आत्ताच हुती. तुझी गाडी वाजली, अन् झाकली."

"कुणी झाकली?"

त्या सैपाकघराच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

रेघ तशीच होती, कुठं चिरसुद्धा नाही. घरामागं सिलिंडर उघड्या तोंडाचे उभे होते. परत आलो आणि काच उतरवायला हात लावला. काच कोमट होती. ऊन त्या भिंतीवर येत नाही, हे मी बघून घेतलं.

मीटर लावला. चोवीस.

मीटर बिघडला म्हणून गाडीच्या डिकीतला दुसरा आणला. तोही चोवीस. त्याची तार काढून माझ्या मुठीत धरली तर शून्य. परत थर्मोकपलला लावली. तेवीस, बावीस. माझ्या डोळ्यांदेखत आकडा हळूहळू उतरत सतरावर आला.

थांबला.

मग चढायला लागला. एकोणीस. बावीस. सव्वीस.

आत ज्योत नव्हती. मी तोंड आत घालून बघितलं. भाजलेल्या भाकरीचा वास आला, जळक्या नाही, ताज्या.

मी भ्यालो. सव्वीस वर्षांत दोनदा माझ्यासमोर सिलिंडर भडकलाय, तेव्हा मी भ्यालो नव्हतो. काच बसवायला मला तीन वेळा हात लावावा लागला. तेवढं करून मी पॅड काढलं आणि उभ्या उभ्या लिहिलं: मशीन तपासली, कोणताही दोष नाही. खाली सही केली. दुसरं काय लिहिणार होतो? गॅस नाही, ज्योत नाही आणि ऊब आहे, असं लिहिलं असतं तर गावानं मलाच डॉक्टरकडं नेलं असतं. आणि लिहिलेल्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

काकूंनी चष्मा लावून कागद वाचला.

"खरंच लिवलंस," त्या म्हणाल्या. "मशीनीचा काय दोष."

त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात परत दिला. मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही. कागद मी शिवशंकररावांना पाठवला; चार दिवसांनी ते गाडी घेऊन आले आणि काकूंना घेऊन गेले.

फाल्गुनात त्यांचा फोन आला. बंगला भाड्यानं द्यायचा होता. शेकोटी काढून टाका, पाइप बंद करा, म्हणाले. मी काकूंची विचारपूस केली.

"आहे बरी," ते म्हणाले. "जरा भ्रमिष्टासारखं करते. डॉक्टर चालू आहेत."

किल्ली तात्याबांकडं होती, ते तिथल्या आंब्यांना पाणी घालतात. पाच आठवडे कुणी आत गेलं नाही, म्हणाले. मी दार उघडलं. बैठकीत फरशीवर धुळीचा सारखा थर बसला होता. मी चार पावलं टाकून मागं वळून बघितलं. धुळीत माझीच पावलं होती, दुसरी कुणाचीच नव्हती. दोन्ही रेग्युलेटर अजून माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेले होते.

शेकोटीची काच उतरवून भिंतीला लावून ठेवलेली होती. मी ती स्वतः बसवली होती, चार स्क्रूंनी. नकली लाकडं डाव्या अंगाला रचून ठेवलेली.

बर्नरवर राख होती.

गॅसला राख होत नाही. हे मी कुणालाही लिहून देईन.

मऊ, पांढरी, चुलीतली राख. तिचा छोटा ढीग, वरून हातानं दाबून बसवलेला. मी गुडघ्यावर बसलो. राखेवर पालथ्या हाताचे दोन ठसे होते, शेजारी शेजारी. एक अरुंद, लांब बोटांचा.

दुसऱ्याचं मधलं बोट पेरभर आखूड होतं.

मी स्क्रूड्रायव्हरनं राख बाजूला सारली. खाली लाल विस्तव होता.

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग काकूंना फोन लावला. शिवशंकररावांना नाही, काकूंना.

"काकू, रामहरी बोलतोय. मी चुकीचं लिहून दिलं. मला तवाच कळालं हुतं, मी भ्यालो. आज दुसरं लिहून देतो. तुमाला परत आणायला सांगतो त्यांना."

"आता कशाला रे?" काकू म्हणाल्या. आवाज शांत होता. "हितं अकराव्या मजल्यावर ऱ्हातोत. ह्यांच्या घरात विस्तवच न्हाई, लाइटीच्या तारंवर सैपाक करत्यात. सून रोज सकाळी वराडती, चादरीला राख कुठनं लागली म्हून. डाक्टरला दाखवायलेत मला."

"म्हणूनच म्हणतो, काकू. मी लिहितो. तुमी या हितं."

"मी येतेच की रोज," काकू म्हणाल्या.

मी विस्तवाकडं बघितलं.

"उघडं टाकलंस का रे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"झाकून ठिव. न्हाईतर भिवरा मला बोलल."

मी फोन खिशात ठेवला. राख दोन्ही हातांनी ओढून विस्तवावर घातली आणि उजवा हात पालथा दाबला, आई करायची तसा. चटका बसला. हात उचलला तेव्हा राखेवर माझाच एक ठसा होता. आधीचे दोन मी मोडले होते, ह्याचं मला फार वाईट वाटलं. काच बसवली नाही. दार लावून किल्ली तात्याबांना दिली.

शिवशंकररावांना सांगितलं की मशीन भिंतीत पक्की बसलीय, काढली तर भिंत खाली येईल, आणि बंगला भाड्यानं द्यायच्या लायकीचा राहणार नाही. ते बरं म्हणाले. धंद्यात मी बोललेलं हे पहिलं खोटं. काकूंना परत आणा, हे मात्र तेव्हाही सांगायचं राहून गेलं. म्हणजे राहून गेलं नाही, माझा धीर झाला नाही.

त्याला आता तीन महिने झाले. मी पालीला परत गेलेलो नाही. तिकडची कामं आली तर दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर देतो.

परवा सकाळी सुनितानं उशीचा अभ्रा माझ्यापुढं धरला आणि विचारलं, ह्याला राख कुठून लागली.