साडेबाराचा फोन

आमच्या खोपटच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा फोन एकट्या माझ्याकडे. त्यामुळे कोण आलं, कोण गेलं, सगळं मला ठाऊक. वरच्या मजल्यावरची उत्तरा हसायची, "काकू, तुम्ही म्हणजे आमचं हजेरीबुक."

तिचा नवरा मधु जवळच्याच एका कारखान्यात अवकाशयानाच्या इंजिनाची चाचणी घ्यायचा. हवा काढून घेतलेली मोठी टाकी, तिच्यात चाळणीसारख्या भोकांचे दोन पातळ पत्रे. ग्रिड म्हणायचा तो. त्यांना हजारभर व्होल्ट दिले की भोकांतून वायूचे कण सुसाट सुटतात, त्या रेट्याने यान पुढे सरकतं. भोकं किती झिजतात, ते महिनोन् महिने बघत बसायचं.

अठ्ठ्याऐंशीचा मार्च. दुपारी साडेबाराला त्याच्या हाताखालच्या सुधीरचा फोन. "काकू, मधुसाहेब जेवायला आलेत का घरी? टाकीमागे कुणी नसेल तर वीज सोडतो."

खिडकीतून बघितलं. खाली मधुची स्कूटर उभी. "आलेत की रे!" म्हटलं. जिना चढून बघायला हवं होतं... गॅसवर आमटी होती.

स्कूटर सकाळी सुरूच झाली नव्हती. मधु चालत गेलेला. टाकीमागे वायर आवळत होता. वीज आली, तिथेच संपला.

चौकशीत ठपका मधुवरच आला, निष्काळजीपणाचा. सुधीरने फोनचं नाव काढलं नाही. मीही नाही. उत्तरा रोज येऊन रडायची, "ते असे नव्हते हो काकू." मी तिला चहा करून द्यायचे.

तेराव्यानंतर फोन येऊ लागले. रोज साडेबाराला. आधी नुसती घरघर, पंप चालल्यासारखी. रिसीव्हरला जळक्या वायरचा वास. मग अगदी हळू, "काकू... मी घरी आलोय का?"

मी ठेवून द्यायचे.

एकदा उत्तरा माझ्याकडे मेथी निवडत होती. मी उठायच्या आत तिनेच उचलला. ऐकत राहिली. रिसीव्हर जागेवर ठेवला.

"काय गं?"

"म्हणाले, काकूंना विचार... मी आलोय असं कुणी सांगितलं."

सांगून टाकलं सगळं. वाटलं, आता झिंज्या उपटेल. तिने एवढंच विचारलं, "हे चौकशीच्या साहेबांपुढे येऊन सांगाल?"

मी तिच्या पुढ्यातली मेथी ओढून निवडायला घेतली.

त्या दिवसापासून फोन बंद. आता साडेबाराला उत्तराच जिन्यातून ओरडते, "काकू, आलेत हो घरी!" मला टोचायला म्हणते. म्हणू दे.

परवा ती कल्याणला भावाकडे गेली. माझ्या डोळ्यांदेखत कुलूप लावून.

साडेबारा वाजले. वर नळ सुटला. कुणीतरी हातपाय धुतले. मग पाट सरकला.

जरा वेळाने दुसरा. उत्तरा तर कल्याणला.