बिल्ल्यांची खुंटी

पहिल्याच भेटीत मी ज्ञानदीपला दीड तास रांगेत उभं केलं.

छत्रीबागेतल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स, क्षयरोग विभागात. सकाळची गर्दी, आणि हा उंच माणूस सरळ आत शिरला. मी ओरडले. तो मुकाट्यानं रांगेत गेला. नंबर आला तेव्हा त्यानं खिशातून कागद काढला. तो दवाखान्यात रोजंदारीवर नव्यानं लागला होता!

"आधी सांगायचं ना!"

"तुम्ही बोलू दिलं तर ना, सिस्टर..." आणि हसला. मेला हसला की समोरच्याचा राग टिकत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं.

आधी तो मिलच्या गेटवर हजेरी घ्यायचा. मिल बंद पडली. आमचे निम्मे पेशंट त्याच मिलचे. खोकला थांबला की औषधं सोडायचे आणि चार महिन्यांनी रक्त ओकत परत यायचे. मी रडकुंडीला यायची.

"मिलमध्ये आल्या-आल्या प्रत्येक जण आपल्या नंबरचा पितळी बिल्ला खुंटीवर टांगायचा," एकदा तो म्हणाला. "बिल्ले अजून सगळ्यांनी जपून ठेवलेत, सिस्टर. इथं पण खुंट्या ठोकू या?"

ठोकल्या. औषध घ्यायला येणारा मिलवाला आपला बिल्ला टांगायचा. दुपारी ज्याची खुंटी रिकामी, त्याच्या घरी ज्ञानदीप सायकलवर हजर. वर्षभरात एकानंही औषध सोडलं नाही.

आणि माझं? तो सायकलवरून परत येईपर्यंत माझं लक्ष फाटकाकडे असायचं. खोटं कशाला बोलू.

मग माझी लांब झाबुआला बदली झाली. त्याला सांगितलं, तर हा गृहस्थ सायकलची चेन पुसत फक्त "हूं" म्हणाला. मी महूला घरी जाईपर्यंत बसमध्ये धुमसत होते.

पुढच्या शनिवारी स्नेहलतागंजच्या हॉलमध्ये आरोग्य खात्याचा सत्कार समारंभ होता. खात्याचे मोठे अधिकारी जयसिंगराव साहेब, त्यांनी माईकवर नाव वाचलं, "नवीन कल्पनेसाठी या वर्षीचा पुरस्कार... बिल्ला योजना. सिस्टर धम्मदीना!"

मी गारच पडले. माझं नाव? कोणीतरी मला स्टेजवर ढकललं. साहेबांच्या हातात अर्ज होता, आणि त्यावर ज्ञानदीपचं अक्षर! तो मागं खुर्च्यांपाशी उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मी माईक धरला. "साहेब, ही कल्पना माझी नाही... त्यांची आहे. ज्ञानदीपजींची."

साहेब चरफडले. रोजंदारीवाल्याला पुरस्कार देता येत नाही म्हणाले, आणि पुढचं नाव वाचलं.

बाहेर पायऱ्यांवर ज्ञानदीपनं मला गाठलं. चेहरा पांढराफटक.

"ये क्या कर दिया, सिस्टर! सर्क्युलर वाचलं नाही का? पुरस्कार मिळाला की दोन साल बदली होत नाही. ऑर्डर कॅन्सल!"

मी मटकन पायरीवर बसले. "म्हणजे तुम्ही... माझ्यासाठी..."

"माझं नाव तसंही चाललं नसतं. म्हटलं, तुम्ही तरी इथं राहाल."

"मग तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? रोजंदारीवाला माणूस पक्क्या नोकरीच्या सिस्टरला काय म्हणणार... नका जाऊ?"

"एकदा म्हणून बघायचं होतंत!"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मीही. एवढ्या मोठ्या बाईच्या डोळ्यांतून भर रस्त्यात पाणी वाहत होतं आणि मला लाजसुद्धा वाटत नव्हती.

"नका जाऊ," तो हळूच म्हणाला.

"आता जावंच लागेल. सोमवारी हजर व्हायचंय." मी नाक पुसलं. "पण रोजंदारीवाल्याला तर बदलीची ऑर्डर लागत नाही ना... कुठंही जाता येतं."

कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याचे कान लाल झाले.

"तुमचे बाबा आज घरी असतात?"

"असतात. का?"

"महूची बस किती वाजता आहे?"