नळातली काळी साय

भर दुपार होती, तरी समुद्रातल्या एका बंद तेलतळावर (तेल उपसायच्या फलाटावर) उभ्या असलेल्या शार्वीच्या अंगावर काटा आला. नळाच्या पोटातून गोम बोलली होती, "भिंत तीन बोटं."

गोम म्हणजे नळ तपासायला तिच्या आजोबांनी, डॉ. होडावडेकरांनी, बनवलेलं तळहाताएवढं, चाळीस पायांचं, बोलणारं यंत्र. तळावरची रीतच होती, की गोम आत असली की दर मिनिटाला साद घालायची आणि भिंत किती लांब आहे ते तिने सांगायचं. सकाळपासून उत्तर एकच येत होतं, चार बोटं. आता लोखंडी नळ का आकसावा?

"भिंत दोन बोटं."

शेजारी उभ्या आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि शार्वीने कबूल करून टाकलं. आतल्या दाट तेलातून गोमला वाट व्हावी म्हणून तिने बुधलाभर हेप्टेन (पेट्रोलसारखा हलका, पातळ द्रव) ओतलं होतं. हाताचं ग्रीस त्यानेच तर निघतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. संध्याकाळी नळाचं तोंड कायमचं बुजवायचं होतं, आत कोणी असो वा नसो.

आजोबा म्हणाले, जड तेलात अस्फाल्टीन (सगळ्यात जड, चपटे, काळे रेणू) असतात. राळेसारखे दुसरे रेणू त्यांना वेढून एकमेकांपासून दूर ठेवतात. हेप्टेन आलं की हे राखणदार पांगतात. मग चपटे रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक बसतात, चवडींच्या गुठळ्या होतात आणि गुठळ्या लोखंडाला चिकटतात. एका थरावर दुसरा. या चिकटून बसण्याला अधिशोषण म्हणतात.

"म्हणजे मीच तिला कोंडलं," शार्वी म्हणाली. तिला रडू आवरेना.

"रडायला मागाहून बस. चपट्यांच्या मधे शिरायला चपटाच लागतो. हातमोजे घाल आणि टोल्युइन आण."

टोल्युइन (चपट्या, कड्यासारख्या रेणूंचा द्रव) हळूहळू आत गेलं. शार्वीने साद घातली. उत्तर नाही. दुसरी, तिसरी साद. तिला वाटलं, आतला काळोख ऐकतोय.

मग खरवडल्याचा आवाज आला, पुष्कळ पायांचा.

गोम बाहेर आली ती काळ्या सायीत लडबडून. आजोबांनी ती साय खरवडून बाटलीत भरली. या सायीला हवं तिथेच चिकटायला शिकवलं, तर उद्या जहाजांना गंजापासून राखेल, म्हणाले.

शार्वीने चाळीसही पाय पुसले. नळ बुजवला गेला, तरी सवयीने तिने साद घातलीच.

तळहातावरून गोम म्हणाली, "भिंत नाही."