टेपचं दुसरं टोक

ही घडलेली गोष्ट आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस आजही आहे, त्याचं गॅरेज चालू आहे, आणि ही गोष्ट सांगताना त्याने एकदाही मान वर केली नव्हती. खोटं सांगणारा समोरच्याच्या डोळ्यांत बघतो, पटलं की नाही ते पाहायला. हा मात्र सगळा वेळ स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

रात्रीची गोष्ट नाही ही. बुधवार होता, गॅरेजच्या सुट्टीचा दिवस. दुपारचे तीन. अर्ध्या उघड्या शटरखालून ऊन आत आलं होतं आणि तेलकट फरशीवर लोळत पडलं होतं.

त्याला सगळे नजरमिस्त्री म्हणायचे. नुसतं बघून नटाचा नंबर सांगायचा. दगडधोंड्यांत आणि ओढ्यानाल्यांत घालायच्या जीपगाड्या उंच करून देणं हे त्याचं खास काम. लांबलांबून लोक यायचे.

आता गाडी उंच केली की तिचे जुने शॉकअप, म्हणजे चाकांचे हादरे झेलणारे दांडे, चालत नाहीत, आखूड पडतात. नवे निवडायचे तर आधी गाडी जॅकवर उचलून चाक पूर्ण लोंबू द्यायचं आणि वरच्या बोल्टापासून खालच्या बोल्टापर्यंत टेप लावायचा. शॉकअप त्याहून थोडा जास्तच उघडणारा हवा. नाहीतर चाक खड्ड्यात लोंबलं की सगळा हिसका त्या एका बोल्टावर.

हे त्याला पाठ होतं. तोच इतरांना शिकवायचा.

दीड वर्षापूर्वी त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, आपली उंच केलेली जीप घेऊन आले. उद्या मित्रांबरोबर डोंगरात जायचं होतं. नजरमिस्त्रीने वाकून एकदा चाकामागे पाहिलं आणि फळीवर होते ते शॉकअप काढले.

"मेहुणे, टेप लावता का जरा?" दाजी म्हणाले. "का बायकोने नेलाय, पडदे मोजायला?"

गॅरेजमध्ये चार गिऱ्हाइकं होती. ती हसली. याला ते लागलं.

"दाजी, टेप नवशिके लावतात. तुम्ही स्टिअरिंग धरा, मापं माझ्यावर सोडा. स्टिअरिंग तरी नीट धरता येतं ना?"

आता गिऱ्हाइकं दाजींना हसली. दाजीही हसले. ते असेच होते. निघताना मेहुण्याला एक चिमटा काढल्याशिवाय त्यांचा पाय निघायचा नाही. त्या दिवशीही, न मोजलेले शॉकअप बसल्यावर, म्हणाले, "पडलो तर तुमच्याच अंगावर पडेन बरं का!"

दुसऱ्या दिवशी उतारावर पुढचं चाक एका खळग्यात लोंबलं. बोल्ट पट्टीसकट उपटून निघाला. जीप तीन वेळा उलटली.

दाजी गेले.

गाडी आणायला नजरमिस्त्रीच गेला होता. मोडलेले शॉकअप त्याने कुणी पाहायच्या आत स्वतःच्या हाताने काढले आणि भंगारात टाकले. चौकशीला आलेल्यांनी विचारलं, तेव्हा त्याच्या तोंडून तीन शब्द निघाले.

"वेगात असणार दाजी."

तेच तीन शब्द घराघरांत फिरले. ताईच्या सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, माझ्या लेकाला घाईच फार. ताईसुद्धा तेच म्हणायला लागली. हा समोर बसून चहा प्यायचा. घोट घशाखाली उतरायचा, बाकी काही उतरायचं नाही.

आणि त्या बुधवारी ताई ती जीप घेऊन आली. पत्र्याचं काम, उपटलेल्या पट्टीसकट, तिने दुसरीकडून करून घेतलं होतं.

"शॉकअप तू बसवून दे. मी शिकलेय चालवायला."

"ताई, विकून टाक ना ही."

"नाही. एकदा त्या उतारावरून हळू, नीट खाली येऊन दाखवायचंय. त्यांच्यासारखा वेडेपणा नाही करणार मी. तू मापं घे, मी समोरच्या दुकानातून येते."

ती गेली.

त्याने जॅक लावला. चेसीखाली स्टँड दिले. शॉकअपच्या जागा रिकाम्याच होत्या. पुढचं चाक हळूहळू खाली आलं, थकल्या माणसाच्या हातासारखं लोंबत राहिलं.

मग त्याने टेप घेतला.

वरचा बोल्ट चाकामागे खोल असतो. एकाने हात घालून तिथे टेपचं टोक धरायचं आणि दुसऱ्याने खाली माप वाचायचं, अशी रीत. सुट्टी असल्यामुळे आज दुसरं कुणी नव्हतं. त्याने टोक बोल्टात अडकवलं, खाली आला.

टोक सुटलं.

पुन्हा अडकवलं. पुन्हा सुटलं.

तिसऱ्यांदा त्याने टेप नुसताच वर सरकवला, वैतागून, अंदाजाने...

आणि टोक धरलं गेलं.

अडकलं नव्हतं. धरलं होतं. अडकलेला टेप ओढला की कटकन लागतो. हा हातात धरल्यासारखा ताणला गेला. याने थोडी ढील दिली, तर वरूनही थोडी ढील आली. याने ताणला, तर वरूनही ताणला.

वर पंखा बंद होता. बाहेरचा रस्ताही एकदम गप्प झाला होता.

त्याने वाकून चाकामागे पाहिलं.

टेपचं टोक बोल्टाच्या मधोमध, सरळ उभं होतं. तिथे कुणीही नव्हतं...

पळावंसं वाटलं. पण टेप सोडायला बोटं तयार होईनात. त्याने खालचा आकडा पाहिला आणि मोठ्याने वाचला, गॅरेजात रोज वाचतो तसा.

"सव्वीस."

माप वाचलं की वरचा माणूस टोक सोडतो. हीही रीतच.

टोक सुटलं नाही.

"सव्वीस," तो पुन्हा म्हणाला. "सव्वीस इंच."

टेप तसाच ताणलेला. धीराने. जणू कुणाला कसलीच घाई नव्हती.

तेव्हा त्याला कळलं, कुठला आकडा ऐकायचाय ते. दीड वर्ष जिभेखाली दाबून ठेवलेला. त्याचे कान तापले, तोंड लाजेने लाल झालं. आपल्याहून मोठ्या माणसासमोर उघडं उभं राहावं तसं.

"चोवीस," तो म्हणाला. "मी दिलेले चोवीस होते. दोन इंच आखूड. मी टेप लावला नाही, दाजी."

टेप सैल पडला.

"काय म्हणालास?"

शटरखाली ताईचे पाय दिसत होते. ती वाकून आत आली. हातातली पिशवी तिने तशीच धरली होती.

काही नाही, माप घेत होतो... एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. त्याने ते गिळले आणि सगळं सांगितलं. हसलेली गिऱ्हाइकंसुद्धा. भंगारात टाकलेले शॉकअपसुद्धा.

ताई रडली नाही. तिने एवढंच विचारलं,

"वेगात नव्हते?"

"नव्हते, ताई."

"आणि मी दीड वर्ष त्यांना बोल लावले."

तो टेप गुंडाळू लागला.

"सासूबाईंना तू सांगायचंस. उद्या. माझ्या तोंडून नाही." मग ती म्हणाली, "गाडी खाली घे."

त्याने स्टँड काढले. जॅक सोडला. जीप चार चाकांवर आली, सपाट, सरळ.

आणि मग...

चर्र.

स्टिअरिंगच्या बाजूची स्प्रिंग दबली. गाडी त्या बाजूला दोन बोटं कलली, कुणी पायरीवर पाय देऊन आत बसावं तशी. सीट रिकामी होती.

ताईने पाहिलं. वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली, दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली. नेहमीच्या जागेवर. पिशवी मांडीवर घेतली.

तिची बाजू खाली आली. जीप समतोल झाली.

किती वेळ, त्याला सांगता येत नाही. तो बाहेर उभा होता. काचेतून ताईचे ओठ हलताना दिसत होते, मध्येच थांबून ती ऐकतही होती. त्याने तोंड फिरवलं. तिथे बघायचा हक्क त्याला नव्हता.

शेवटी दार वाजलं. ताई उतरली.

उतरली एकटी ताई. पण गाडीच्या दोन्ही बाजू एकदम वर आल्या.

ताई शटरखालून वाकून निघून गेली, एकदाही मागे न बघता.

दुसऱ्या दिवशी तो सासूबाईंसमोर जाऊन बसला आणि सगळं बोलला. म्हातारीने ऐकून घेतलं, उठली, आत गेली, बाहेर आलीच नाही. मग त्याने मोजून-मापून नवे शॉकअप बसवले. ताई तो उतार नीट उतरली, असं त्याला दुसऱ्यांकडून कळलं.

ते कोण होतं, गेलं की अजून तिच्या शेजारी बसतं, त्याला माहीत नाही. भीती त्याची वाटत नाही, म्हणाला.

त्या दुपारी शटर ओढून तो अंधार पडेपर्यंत एकटा आत बसला होता. कान देऊन. निघतानाचा एक टोमणा, एक शिवी, काहीतरी.

दाजी काही न बोलताच गेले होते.