साठ सेंटीमीटर खालची चूक

"मॅडम, खजाना मिला क्या?"

दिल्लीत, द्वारकेतल्या एका सोसायटीच्या बागेत मी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गुडघ्यांवर बसून माती काढत होते. सेक्रेटरींची परवानगी घेऊन, बरं का! फोनवर आईला म्हणत होते, "अगं, येते सातपर्यंत..." ते ऐकून खजिन्याचं विचारणारा तो मुलगा एकदम खुलला.

"तू मराठी? मी मानस. इथलाच, बी ब्लॉक. अकरावी."

"तेजश्री. सरोजिनी नगर. मीही अकरावी. आणि खजिना नाही, बॅक्टेरिया. वरच्या मातीत कोण राहतं, खाली कोण, हे त्यांचा डीएनए वाचून कळतं."

"म्हणजे आमच्या सोसायटीचे सगळ्यात जुने मेंबर!"

मी हसले नाही... म्हणजे, प्रयत्न तरी केला.

तो मदतीला बसला. पाच, तीस आणि साठ सेंटीमीटर खोलीवरची माती मी काढायची आणि दर वेळी ऑगर, म्हणजे माती काढायचा लांब गिरमिट, त्याने स्पिरिटने पुसायचा.

नमुने एका कॉलेजच्या लॅबमध्ये दिले होते; महिन्याने तिथून रिझल्ट आला. साठवरचे बॅक्टेरिया हुबेहूब पाचवरचेच! शाळेत सगळे नाचले — नवा शोध! मी मात्र आकडे पुन्हा पुन्हा तपासले. वरची माती ऑगरला चिकटून खाली गेली असेल तर?

मी फोन लावला. "मानस, तू दर वेळी पुसलास ना?"

"नाही... तुझ्या गालाला माती लागली होती. मी — तेच बघत राहिलो."

मला राग आला. आणि राग सोडून आणखीही काहीतरी आलं.

"यार, परवा प्रदर्शन आहे!"

"नको सांगूस. कुणाला कळणार?"

"मला!"

प्रदर्शनात मी परीक्षकांना सरळ सांगितलं, हा शोध नाही, आमची चूक आहे. प्रिन्सिपल मॅडमचा चेहरा पडला. परीक्षक मॅडमनी विचारलं, "ऑगर साफ क्यों नहीं किया?"

पाहुण्यांच्या रांगेतून मानस उभा राहिला. कान लालबुंद. "मॅम, गलती मेरी है। मेरा ध्यान... इनकी तरफ़ था।"

हॉलमध्ये शिट्ट्याच शिट्ट्या!

बक्षीस गेलं. पण परीक्षक मॅडम माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, ताजे नमुने घेऊन माझ्या लॅबमध्ये ये, स्वतः शिकवते. माझी मान अशी ताठ झाली की विचारू नका.

गेटपाशी तो थांबला होता. "रागावलीस?"

"खूप."

"मग... मी जाऊ?"

"रविवारी पुन्हा खणायचंय. पुसायचं काम माझं."

"आणि माझं?"

मागे सगळी अकरावी कान टवकारून उभी होती. असू दे!

"तू बघत राहा," मी मोठ्याने म्हणाले. "मला आवडतं."