ढोलकीच्या जागी मुसळ

वज्रेश्वरी गावातल्या त्या हळदीत प्रितेश मला पहिल्यांदा दिसला, तेव्हा तो माझ्या ऑक्टोपॅडची बटणं दाबत होता. अगदी निवांत... जणू घरचा मिक्सर.

"काय चाललंय?"

"आवाज कमी करतोय. माझी आक्का लग्नाचे धवले गायला आलीय. तुमच्या ढमढमीत तिचं कोणाला ऐकूच येत न्हाय."

मी ढोलकीच्या पॅडवर काठी मारली. कुत्रा भुंकला. शेजारच्या पॅडवर मारली. काच फुटली. सगळे आवाज बदलून त्याने वर सेव्हही केले होते. का, विचारलं, तर म्हणे स्क्रीनवर काहीतरी विचारलं, नाही म्हणणं बरं दिसेना.

बाबांच्या दापोड्याच्या बँजो पार्टीत माझी ही पहिली हळद. आज फसलीस तर उद्यापासून पॅड भावेशकडे, असं बाबांनी बजावलं होतं. भावेश माझा चुलतभाऊ. त्याला ताल नाही, पण मिशी आहे.

प्रितेश सटकायला लागला. मी काठ्या त्याच्याच हातात कोंबल्या. तो मारणार, मी बटणं फिरवून ढोलकी नव्याने जुळवणार. त्याने गादी झोडपावी तशी सुरुवात केली.

"हळू मार."

"हळूच मारतोय. तू चिडलीस की नाक लाल होतं तुझं —"

"पॅडकडे बघ."

"पॅड कुठे लाल होतंय..."

त्याला मांडवाच्या खांबाला बांधून ठेवावंसं वाटलं. खांब माझ्या शेजारचाच असावा, असंही वाटलं. त्याचा आणखी राग आला.

या नादात माझ्याकडून बटण जास्तच फिरलं. आवाज खाली गेला, जाड झाला, लांबला. धप्प... धप्प. ढोलकी परत येईना. माझे डोळे भरून आले. इतक्यात आक्का उठून आली. ती धवलारीण, तिने गाऊन बोलावल्याशिवाय लग्नाला देवसुद्धा येत नाहीत.

"पोरी, ह्यो मुसळाचा आवाज हाय. हळदीचा घाणा भरायचाय ना? उखळात मुसळ पडतं, तसा मार."

ती गायला लागली. मी प्रितेशकडून काठ्या ओढून घेतल्या आणि पॅडवर मुसळ घातलं. नाचायला आलेले मामेसुद्धा हात जोडून बसले. शेवटी बाबा एवढंच म्हणाले की पॅड माझ्याकडेच राहील. भावेश मिशी चावत होता.

म्हणजे चूक प्रितेशची, कौतुक माझं. त्यावर त्याने हक्कही सांगितला नाही. नुसता हळदीने माखून हसत उभा. आयुष्यात मला कुणाचा इतका राग आला नव्हता.

"अजून रागात हायस?"

"हो."

"किती दिवस राहशील?"

"लग्नाचा सीझन संपेपर्यंत."

त्याने गंभीरपणे विचार केला. "बरं... मग पावसात मागणी घालायला येतो. दापोड्यालाच ना घर?"

मी गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

"पावसात आमच्या रस्त्यावर गोदामांचे ट्रक रुततात," मी रागानेच सांगितलं. "त्याआधी ये."