गवंड्याची हाडं

हाडाला काम लागतं, हे व्यायामवाल्या बाई प्रत्येक घरी ठासून सांगायच्या. भार पडला तर ते भरतं, नुसतं लोळत ठेवलं तर आतून पोकळ होतं. अंथरुणाला खिळलेल्यांचे हातपाय हलवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे या बाबतीत त्या कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

म्हणूनच म्हाताऱ्या गवंड्याच्या टाचेचा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला. चार वर्षांत हा माणूस स्वतःहून कुशीवरसुद्धा वळला नव्हता, आणि हाडांची घनता मात्र ऐन तिशीतल्या हमालाला लाजवेल अशी. यंत्र बिघडलेलं असणार, म्हणून त्यांनी तपासणीवाल्याला दुसरं यंत्र घेऊन घरी बोलावलं. आकडा आणखी वर गेला.

घर दुमजली, गवंड्याने स्वतः बांधलेलं. पलंग मात्र बाहेरच्या खोलीत अगदी मधोमध, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात. खिडकीपाशी का नाही ठेवत, असं बाईंनी विचारलं तेव्हा सून हसली. एकदा सरकवायला गेलो तर बाबांनी घर डोक्यावर घेतलं, म्हणाली. पूर्वी त्या जागी खांब होता. नवऱ्याला खोली मोठी हवी होती, बाबा नको नको म्हणत असताना त्याने तो तोडला, आणि त्याच संध्याकाळी बाबा तिथेच कोसळले. तेव्हापासून अंग लुळं, जीभ जड.

"हट्टी आहेत, दुसरं काय," सून म्हणाली. या हट्टी माणसाचं घरात एकाच व्यक्तीशी पटत होतं, ती म्हणजे सहा वर्षांची नात. ती दिवसभर पलंगाच्या कडेला चित्रं रंगवत बसायची.

मग बाईंच्या एकेक गोष्ट लक्षात यायला लागली. वरच्या मजल्यावर कुणी चालणार असलं की गवंड्याचा जबडा आवळायचा. आधी जबडा, मग पावलांचा आवाज. गच्चीवरची टाकी भरायला लागली की त्याच्या कपाळावर घाम यायचा. एका दुपारी बाईंनी रोजच्यासारखा त्याचा पाय उचलला, जरा जास्तच उंच, आणि छतात बारीक करकर झाली. त्यांच्या मनगटावर चिमूटभर चुना पडला.

"ठेवा," गवंडी म्हणाला. इतका स्पष्ट शब्द त्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकला नव्हता.

पाय खाली ठेवताच करकर थांबली. बाईंनी एकदा छताकडे, एकदा त्या पायाकडे पाहिलं, आणि मग असल्या खुळचट विचाराबद्दल त्यांना स्वतःचाच राग आला. त्या रागाच्या भरातच त्यांनी मुलाला सल्ला दिला, की वडिलांना थोडे दिवस शुश्रूषा केंद्रात ठेवा, सुनेलाही जरा विसावा मिळेल.

चार दिवसांनी गाडी आली. दोन स्ट्रेचरवाले आणि मुलगा, तिघांनी चादरीची टोकं धरली. जेमतेम चाळीस किलोंचा म्हातारा, पण हलेना. स्ट्रेचरवाले एकमेकांकडे बघायला लागले. चौथं टोक बाईंनी धरलं.

गवंडी बोटभर उचलला गेला.

भिंतीतून छतापर्यंत एक भेग सरसर धावत गेली. वर भांडी घरंगळली. नात दारात उभी राहून छताकडे नाही, आजोबांकडे बघत होती.

"खाली ठेवा," बाई म्हणाल्या. "अहो, ठेवा त्यांना खाली."

ठेवलं. सगळं शांत झालं.

जुनं बांधकाम आहे, चालायचंच, असं मुलगा म्हणाला खरा, पण गाडी त्याने परत पाठवली. आजच्या आज खांब उभा करा, असं बाईंनी त्याला चक्क दटावून सांगितलं. तुमची मुलगी राहते या घरात, हेही सांगितलं. पुढच्या महिन्यात बघू, असं उत्तर मिळालं.

पंधरा दिवसांनी गवंडी झोपेत गेला. निरोप दुपारी आला आणि बाई हातातलं काम टाकून धावत सुटल्या. वाटेत त्यांना फक्त ती पोर दिसत होती, छताखाली चित्रं रंगवत बसलेली.

घर उभं होतं.

पलंगही जागेवरच होता. त्यावर नात उताणी निजली होती, हात अंगाला चिकटवून.

"सकाळी बाबांना न्यायच्या आधी येऊन त्यांच्या कुशीत झोपली," सून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "त्यानंतर दोघांनीच उचललं बाबांना. फुलासारखे हलके झाले होते. ही मात्र तेव्हापासून उठत नाहीये. फार लळा होता हो."

मुलीच्या मानेखाली आणि गुडघ्यांखाली हात घालून बाईंनी तिला उचलायला सारा जोर लावला. पोर तसूभरही हलली नाही.

"काकू," डोळे न उघडता तिने दबक्या आवाजात विचारलं, "वर अजून किती जण येणार आहेत?"

बाहेर जिन्यावर भेटायला आलेल्या माणसांची वर जायला रांग लागली होती.